उजवी मावशी

गोल्फच्या मैदानावर कुठे उभं राहायचं, हे मी एकतीस वर्षं लोकांना शिकवलं. मी कॅडी होते. म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग खांद्यावर घ्यायची, त्याच्याबरोबर नऊच्या नऊ होल चालायचं, चेंडू कुठे पडला ते बघायचं, आणि तो चिडला की आपण दुसरीकडे बघायचं.

प्रत्येक होलची, म्हणजे झेंडा लावलेल्या खड्ड्यापर्यंतच्या टप्प्याची, सुरुवात ज्या सपाट, उंच जागेवरून होते तिला टी म्हणतात. तिथे कुणी चेंडू मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी कुठे असावं, यावरून मी भल्याभल्यांना हलवलं आहे. "साहेब, मागे त्या रेषेत नको, त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात येता तुम्ही. बाई, पाठीशी तर मुळीच नको, पाठीमागे माणूस असला की हात आखडतो. झेंड्याकडे तोंड करा आणि उजव्या अंगाला या. हं, अशा. आणि किल्ल्या खिशात वाजवू नका." न्यायाधीश हलले, सर्जन हलले. मैदानावरच्या नोकरमाणसांनी माझं नावच पाडलं, उजवी मावशी.

बॅग उचलणं मी तीन वर्षांपूर्वी सोडलं. त्या दिवशी मात्र पुन्हा खांद्यावर घेतली, कारण खेळणारी माझी सून होती.

सून त्याच मैदानावर गवत कापायचं यंत्र चालवते. म्हणजे चालवायची. सात वर्षं त्या यंत्रावर बसून तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या, मग बोटं बधिर व्हायला लागली. सकाळी शर्टाचं बटण लावताना ती बोटांकडे बघायची, बोटं आहेत की नाहीत ते डोळ्यांनी ठरवायची. डॉक्टर म्हणाली, "यंत्र सोडा. आत्ता सोडलंत तर बोटं परत येतील. वर्षभराने सोडलंत तर सांगता येत नाही." ऑफिस म्हणालं, यंत्र सोडलं तर दुसरं काम नाही. आणि त्याच महिन्यात काम निघालं. लहान मुलांना खेळ शिकवायला एक माणूस हवा होता, आणि तो नोकरमाणसांतलाच घेऊ, असं कमिटीने ठरवलं. कुणाला घ्यायचं ते कसं ठरवायचं, यावर त्यांनी दोन बैठका घेतल्या आणि शेवटी ज्याचा त्याचा खेळच बघायचा, एवढी अक्कल निघाली. अकरा जणांनी अर्ज केले. खेळून खेळून दोन उरले. एक माझी सून, आणि दुसरा स्टोअरकीपर.

स्टोअरकीपरला सगळे मोजपट्टी म्हणतात. तळघरातल्या स्टोअरमध्ये तो खिळासुद्धा मोजून देतो. माणूस वाईट नाही. सूर्यप्रकाशात काम करायला मिळावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण त्याची बोटं शाबूत होती, आणि माझ्या सुनेचं तसं नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सून डावखुरी. डावखुऱ्यांच्या काठ्या वेगळ्या असतात, त्या सहसा मिळत नाहीत. तिला मिळाल्या त्या स्टोअरच्या कोपऱ्यात पडलेल्या. फार पूर्वी एक डावखुरा सदस्य आला होता, गंभीर चेहऱ्याचा. तीन महिने खेळला, रोज वाईट खेळला, आणि एक दिवस "या मैदानाचं माझ्याशी वैर आहे" असं म्हणून बॅग टाकून गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या त्या काठ्यांनी सून पहाटे एकटीच सराव करायची. मी लांबच्या बाकावरून बघायची. काय मारायची! चेंडू असा जायचा की जणू कुणी दोरीने ओढून नेतंय. मी मुलाला म्हटलंसुद्धा, "मोजपट्टीने आत्ताच मोजून घ्यावं, किती लांब हरणार ते."

मुलगा क्लबच्या स्वयंपाकघरात आहे. तो म्हणाला, "आई, तू तिची बॅग घे. मैदान तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"तिला चालेल का विचार आधी."

सून भांडी पुसत होती. वळून म्हणाली, "आई, चालेल काय विचारता? तुम्ही असाल तर मला काय बघायचंय!"

मी त्या रात्री बुटांना दोनदा पॉलिश केलं.

सामना दुपारी तीनला सुरू झाला. नऊ होल, ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकला. बरोबर मोजपट्टी, त्याची बॅग घेतलेला त्याचा मेव्हणा, आणि फटके लिहायला मास्तर. मास्तर म्हणजे मैदानाचे जुने कोच. पाय दुखावलेला असल्यामुळे ते छोट्या गाडीतून मागे मागे येत होते. मांडीवर कागद, कानाला पेन्सिल. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मी आज लिहिणार. बोलणार नाही. माझ्या तोंडाकडे बघू नका."

पहिल्या टीवर मी सगळ्यांना जागेवर लावलं. मोजपट्टी, त्याचा मेव्हणा आणि मी, तिघंही उजव्या अंगाला, एका ओळीत, पुतळ्यासारखे. बॅगेतल्या काठ्या वाजू नयेत म्हणून मी त्यांच्यावर हात ठेवला. श्वाससुद्धा रोखला. एवढी शांतता की लांबच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

सुनेने मारलं आणि चेंडू चाळीस पावलांवर गवतात जाऊन बसला.

मला वाटलं, पहिलाच फटका आहे, होतं असं.

दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला चेंडू थेट वाळूत. टीवरून तिचा हात चुकायचा, आणि पुढचे फटके, जिथे आम्ही सगळे आपापले चेंडू शोधत विखुरलेलो असायचो, ते झकास बसायचे. त्यामुळेच ती तग धरून होती. मोजपट्टीचा खेळ त्याच्यासारखाच. ना लांब, ना वाकडा. मारायचा, चालायचा, पुन्हा मारायचा.

"सूनबाई, खांदा सैल सोड," मी म्हणायची.

"हो आई."

"घाई करू नकोस. आम्ही कुणी हलत नाही आहोत."

"ठाऊक आहे, आई." असं म्हणताना ती हसली, पण ते हसू ओठांपाशीच थांबलं. मला वाटलं, धास्तावली आहे.

पाचव्या टीवर ती चेंडूवर उभी राहिली आणि मान किंचित मागे वळवली. पुन्हा पुढे केली. पुन्हा वळवली. मी मेव्हण्याला दरडावलं, "हललास ना तू?"

"मावशी, मी हललो तर माझे केस कापा. माशी बसलीय नाकावर, तरी हललो नाही."

सहा होल संपले तेव्हा सून एका फटक्याने मागे होती. एकाच! तीन होल उरले होते आणि मला धावत सुटावंसं वाटत होतं. या धांदलीत मी तिचा टॉवेल सहाव्याच्या झेंड्यापाशी विसरले. ती बोटं पुसल्याशिवाय काठी धरत नाही, बधिर बोटांतून घामाने काठी सटकते. मी बॅग तिच्यापाशी ठेवली आणि उलट पावली गेले. टॉवेल उचलला, आणि परतताना जवळची वाट धरली. ती वाट सातव्या टीच्या डाव्या बाजूने वर येते.

वर आले आणि जागच्या जागी थांबले. सून काठी घेऊन उभी होती. टॉवेल नव्हता म्हणून तिने हात पँटला पुसले असावेत. तिने मारायची तयारी केली की जिथे असाल तिथे थांबायचं, हाही माझाच नियम. मी थांबले, नको त्या बाजूला, चारचौघांत एकटीच डावीकडे. मेव्हण्याने पलीकडून डोळे मोठे केले. माझे कान तापले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सुनेने डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि मारलं.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटेचा आवाज! चेंडू निघाला, चढला, वर थोडा रेंगाळला आणि उताराच्या बरोबर मधोमध उतरून पुढे पळत राहिला.

"अरे बाप रे," मोजपट्टी म्हणाला. त्याने पावलं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

त्या होलला तिला चार फटके लागले, मोजपट्टीला सहा. ती एका फटक्याने पुढे गेली. मी तिच्या हातात टॉवेल दिला. "बघ! खांदा सैल सोडलास ना? मी म्हणतच होते!"

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "आई..."

"बोल."

"काही नाही. पाणी द्या."

आठव्या टीला मी चूक सुधारली. सगळ्यांत आधी मीच जाऊन उजव्या अंगाला उभी राहिले आणि बाकीच्या दोघांना शेजारी घेतलं. ऊन आमच्या पाठीवर तिरपं येत होतं, म्हणून सावल्या बघितल्या. सावली चेंडूवर पडता कामा नये. "दोन पावलं मागे," मी म्हटलं. तिघं मागे सरकलो. सावल्या चेंडूच्या अलीकडेच संपल्या. मी मनात म्हटलं, याला म्हणतात काम.

सून चेंडूवर उभी राहिली.

आणि मला ते दिसलं. सावली चेंडूवर नव्हती, खरं. पण डावखुरी म्हणून ती चेंडूच्या आमच्याकडच्या बाजूला उभी होती. आमच्याकडे पाठ करून. माझी सावली बॅगेसकट तिच्या पाठीवर चढून बसली होती. माझ्या सावलीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. एका बाजूला मोजपट्टीच्या टोपीची सावली, दुसऱ्या बाजूला मेव्हण्याची. तिच्या पाठीमागे तीन माणसं श्वास रोखून उभी होती, आणि त्या तिघांना तिथे मी उभं केलं होतं.

ओरडावंसं वाटलं. पण काठी वर गेली होती. काठी वर गेल्यावर आवाज करायचा नाही.

चेंडू झाडीत गेला. फांदीवर आपटून आणखी आत गेला.

बाहेर यायला तिला दोन फटके लागले. त्या होलचे सात. मोजपट्टीचे पाच. म्हणजे आता ती एका फटक्याने मागे, आणि एकच होल उरला होता.

नवव्याकडे निघालो तेव्हा मी तिच्याबरोबर चालत होते. बॅग जड झाली होती. मी म्हटलं, "सूनबाई, मी पाठीमागे उभी असते म्हणून तुझा हात आखडतो का?"

ती चालता चालता बोटं चोळायला लागली.

"मी विचारतेय."

"हो," ती म्हणाली.

"पहिल्यापासून?"

"हो. कुणी हलतंय का, कोण कुठे आहे, काही दिसत नाही. नुसतं जाणवत राहतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? दुपारपासून आठ होल झाले! बोटं तुझी जाताहेत, माझी नाही!"

"आई, तुम्ही सगळ्या मैदानाला उभं राहायला शिकवलंत." आता तिचाही आवाज चढला. "बुटांना पॉलिश करून आलात. तुम्हाला मी चारचौघांत सांगू, की इथे नका उभ्या राहू म्हणून? घरी मी तुम्हाला फोडणी जास्त झाली एवढंसुद्धा सांगत नाही!"

"जास्त होते का फोडणी?"

"होते!"

आम्ही दोघी दहा-बारा पावलं तरातरा चाललो. मग मला हसू फुटलं आणि तिलाही. मागून मास्तरांच्या गाडीचा आवाज आला, म्हणून दोघींनी तोंडं सरळ केली.

पण माझ्या डोक्यात चक्र फिरत होतं. हा नियम मला माझ्या पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या कॅडीने सांगितला होता. झेंड्याकडे तोंड, उजव्या अंगाला. त्याच्या काळात सगळे उजव्या हाताने खेळणारे. उजव्या अंगाला उभं राहिलं की आपोआप त्यांच्या समोर येतो आपण. मी ते तसंच पुढे दिलं. माझ्या काळात दोनच डावखुरे आले. एक इतका बडबड्या की त्याच्या पाठीमागे बँड वाजवला असता तरी त्याने चेंडू मारला असता. आणि दुसरा तो गंभीर चेहऱ्याचा. ज्याच्या काठ्या आत्ता माझ्या खांद्यावर होत्या. तीन महिने त्याच्या पाठीशी मी पुतळ्यासारखी उभी राहिले आणि तो बिचारा मैदानाला दोष देत गेला. देवा!

नववा होल क्लबच्या इमारतीसमोर संपतो. छोटा आहे, एकाच फटक्यात झेंड्यापर्यंत पोचता येतं, पण मध्ये तळं आहे. टीपाशी पोचलो तर काय, कामावरची झाडून सगळी माणसं जमलेली. माळी, पहारेकरी, कपडे धुणाऱ्या बायका, ऑफिसातले दोन कारकून, अंगावरचा ॲप्रन न काढता आलेला माझा मुलगा. मधोमध सचिवसाहेब. चाळीस तरी माणसं असतील, आणि सगळीच्या सगळी उजव्या अंगाला, दोरीमागे, शिस्तीत. माझी शिकवण! एरवी अभिमानाने छाती फुगली असती. त्या वेळी मी तिची पाठ कुठे येणार ते बघितलं.

आधी मोजपट्टीची पाळी. तो उजव्या हाताचा, सगळे त्याच्या समोर, सगळं यथास्थित. त्याने मारलं. चेंडू तळ्यावरून गेला आणि झेंड्याच्या हिरवळीच्या अगदी कडेला थांबला. टाळ्या पडल्या.

सून पुढे आली. गवतात चेंडू ठेवायला वाकली.

मला आणखी एक वाट होती. मी एकटीच हळूच पलीकडे गेले असते, टॉवेल विसरल्याचं सोंग करून. कुणाला काही कळलं नसतं. पण चाळीस माणसं तिच्या पाठीशी तशीच राहिली असती. मी बॅग खाली ठेवली आणि टीवर जाऊन मधोमध उभी राहिले.

"सगळ्यांनी या बाजूला चला," मी म्हटलं. "डावीकडे."

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

मुख्य माळी माझ्याच हाताखाली कॅडी म्हणून लागलेला. तो ओरडला, "मावशी, ऊन लागलं का? एकोणीस वर्षं तुम्ही मला उजव्या अंगाला उभं केलंत. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी बायकोच्या उजव्या अंगाला आहे!"

सगळे हसले. त्याची बायको सगळ्यांत मोठ्याने.

सचिवसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "मावशी, सामना चालू आहे. शेवटच्या होलला नियम बदलता येणार नाही."

"नियम बदलत नाही, साहेब. नियम तोच आहे. मी चुकीचा शिकवला."

हसणं थांबलं. मला माझाच आवाज परका वाटला, पण आता निघाला होता तर पुरता काढायचा होता.

"ती पाटी वाच रे," मी माळ्याला म्हटलं. प्रत्येक टीपाशी एक हिरवी पाटी आहे. अक्षरं मी साठीनंतर शिकले, आणि पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा जे आपल्याला आधीपासून येतं तेच लिहिलं असणार, म्हणून अर्धी वाचून सोडली होती.

माळ्याने घसा साफ केला. "खेळाडू चेंडू मारत असताना त्याच्या समोर, त्याला दिसेल अशा जागी, स्तब्ध उभे राहावे."

"उजवं कुठे लिहिलंय?"

त्याने खालून वर, वरून खाली पाहिलं. "नाहीच की!"

"ती डावखुरी आहे. तिचं समोर तिकडे आहे. दुपारपासून मी तिघांना तिच्या पाठीशी उभं करतेय आणि आता तुम्ही चाळीस. तिच्या पाठीत डोळे आहेत का?"

सचिवसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कागदाकडे पाहिलं.

पहिला हलला तो मोजपट्टी. सरळ टीच्या मागून वळसा घालून डावीकडे गेला, टाचा जोडून उभा राहिला आणि मेव्हण्याला हाक मारली, "ये रे. माझ्या फटक्याला सगळे माझ्यासमोर होते. तिच्या फटक्याला तिच्यासमोर पाहिजेत. माप सारखं पाहिजे."

त्या क्षणी मी त्याचं सगळं मोजणं माफ केलं.

मग माळी निघाला, मग त्याची बायको, मग धुलाईच्या बायका ओल्या हातांनी. पहारेकऱ्यांनी दोरी उचलून नेली. सचिवसाहेब शेवटी, पण आले. चाळीस माणसं टीच्या मागून कुजबुजत, हसत, एकमेकांच्या पायांवर पाय देत या अंगाची त्या अंगाला गेली. "आता काय, डावी मावशी म्हणायचं का?" कुणीतरी म्हणालं. "आधी गप्प उभा राहा," मी म्हटलं, "मग काय म्हणायचं ते म्हण."

मीही पलीकडे गेले. तिच्या बरोबर समोर, दहा पावलांवर.

सून उभी राहिली. तिच्या पाठीमागे आता रिकामं गवत आणि आकाश. तिने डोळे उचलले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्हा सगळ्यांना एकदा बघून घेतलं, जणू हजेरी घेतेय. नवऱ्याला बघितलं. मला बघितलं. मग खांदे खाली आले. आपोआप. मी दुपारपासून बोंबलत होते तसे.

मारताना ती खालचा ओठ दाताखाली धरते. सात वर्षं एका घरात राहून मला ते ठाऊक नव्हतं.

ठाक्!

चेंडू तळ्यावरून गेला. पाण्यात त्याची सावली धावताना दिसली. हिरवळीवर पडला, एकदा उडाला, आणि झेंड्याकडे घरंगळत गेला. चार पावलांवर थांबला. चार! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलाने ॲप्रन काढून हवेत फिरवला. सचिवसाहेबांनीही टाळी वाजवली आणि मग कुणी बघितलं का ते बघितलं.

तळ्याला वळसा घालून जाताना मी चालत नव्हते, पळत होते. गुडघे कुणाचे कोण जाणे.

मोजपट्टीचा चेंडू लांब होता, म्हणून पहिला फटका त्याचा. खड्ड्यापासून एक हात पुढे गेला. परतीचा फटका काठावरून फिरून बाहेर आला. तो खाली बसला, डोक्याला हात लावून, मग उठला आणि तिसऱ्याने आत घातला. त्या होलचे एकूण चार झाले. गणित साधं होतं. सुनेचा एक फटका झालेला. आणखी दोन लागले तर बरोबरी, पुन्हा एक होल खेळा. एकात आत गेला तर जिंकली.

मी झेंडा काढून घेतला आणि तिच्या समोर, सावली मागे जाईल अशी उभी राहिले. टॉवेल दिला. तिने एकेक बोट पुसलं, दहाही.

"आई."

"काय गं?"

"अर्धं पाऊल मागे सरका."

मी सरकले. चारचौघांत, सुनेने सांगितलं म्हणून.

तिने चेंडूला नुसतं ढकललं. तो निघाला, गवताच्या उतारावर किंचित वळला, खड्ड्याच्या ओठावर आला, थांबला असं वाटलं, आणि मग आतल्या आत टप् असा आवाज झाला.

आणि मी ओरडले. झेंडा डोक्यावर धरून, जीव तोडून, असं ओरडले की इमारतीच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. एकतीस वर्षांचं गप्प राहणं एका दमात बाहेर आलं. मुलगा धावत आला, धुलाईच्या बायकांनी सुनेला उचललं, मोजपट्टीने तिच्याशी हात मिळवला आणि तिच्या बोटांना जपून, हलकेच दाबला. मास्तरांनी कागदावर आकडा लिहिला, पेन्सिल कानाला लावली आणि मग म्हणाले, "मावशी, मला दुसऱ्या टीपासून दिसत होतं. पण मी लिहायला होतो."

"गाडीतून उतरून मला एक चिमटा तरी काढायचा!"

"ती मदत झाली असती."

मी त्यांना आणखी सुनावणार होते. पण सून माझ्याकडे येत होती. मला वाटलं, गळ्यात पडेल. तिने माझा दंड धरला आणि बोटाने पलीकडे दाखवलं. तिथून पन्नास पावलांवर पहिल्या होलची टी आहे. संध्याकाळच्या खेळाला आलेला एक सदस्य तिथे काठी हातात धरून उभा होता, आमच्याकडे बघत, आणि त्याचा चेंडू नुकताच तळ्यात बुडाला होता. पाण्यावरची वर्तुळं अजून मोठी होत होती.

"आई," सून हळू पण ठाम आवाजात म्हणाली, "शेजारच्या टीवर कुणी मारत असेल तर ओरडायचं नाही."

मी झेंडा खाली घेतला. "चुकले, बाई."

"जा, त्यांची माफी मागा."

मी निघाले. पाठीमागे माळी हसत होता, हसू दे. त्या सदस्याने दुसरा चेंडू काढून ठेवलाच होता. मी थांबले, तो कुठल्या हाताने खेळतो ते नीट बघितलं, आणि मग त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.